फुकटच्या पाण्याला अंगठा देऊ नका



गेल्या महिन्यात नाल्याकाठच्या चार गावांत कागद मिलची जीप फिरली. जीपमध्ये एक साहेब, एक कारकून आणि आपल्याच भागातला एक ठेकेदार. साहेबाजवळ काचेच्या दोन बाटल्या होत्या. एकीत काळेकुट्ट पाणी, दुसरीत चहासारखे. साहेब म्हणाला, "हे आधीचं पाणी, हे आताचं. मिलने पाणी साफ करायचा प्लांट बसवला. आता हे पाणी आम्ही नदीत सोडणार नाही. तुमच्या शेतीला देऊ. फुकट देऊ. उन्हाळ्यातही मिळेल. फक्त या कागदावर सही-अंगठा करा."

आमच्या गावची एक आजी उठली. म्हणाली, "बाबू, साफ झालं म्हणतेस, मंग त्याले रंग काहून हाय?"

साहेब म्हणाला, "आजी, तो रंग बांबूचाच आहे. तुमच्याच जंगलातला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

साहेब खोटे बोलला नाही. रंग बांबूचाच आहे. पण अर्धे खरे सांगितले की उरलेले अर्धे झाकले जाते. ते उरलेले अर्धे सांगायला हे पत्रक आहे. दोन गावांनी अंगठे दिले आहेत. दोन गावे राहिली आहेत. येत्या ग्रामपंचायतीच्या सभेत ठराव घ्यायचा घाट आहे. म्हणून हे लांब असले तरी पूर्ण वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

मिलचे नाव इथे लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि पुढे कोर्टाचे काम निघू शकते. मी त्या मिलमध्ये चार वर्षे ठेक्यावर मजुरी केली. गाळ उपसायच्या कामावर होतो. जे पाहिले ते लिहितो. जे मला कळत नव्हते ते शिकलेल्या माणसांना विचारून घेतले.

पाणी काळे कुठे होते?

मिलमध्ये बांबूचे तुकडे करतात. मोठ्या बंद हंड्यात, ज्याला डायजेस्टर म्हणतात, कॉस्टिक सोडा आणि गंधकाचे रसायन टाकून वाफेच्या दाबाखाली शिजवतात. बांबूत तंतू असतात आणि त्या तंतूंना धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ असतो, त्याला लिग्निन म्हणतात. शिजवल्यावर लिग्निन विरघळते आणि तंतू सुटे होतात. तंतूंचा झाला लगदा, त्याचा होतो कागद. पण बांबूचा जवळजवळ अर्धाच भाग लगदा होतो. बाकीचा अर्धा भाग आणि सगळा सोडा काळ्या रसात जातो. मिलमध्ये त्याला ब्लॅक लिकर म्हणतात.

म्हणजे आपण जंगलातून दोन गाड्या बांबू दिला तर एक गाडीचा कागद झाला आणि दुसरी गाडी काळे पाणी झाली. ही दुसरी गाडी कुठे जाते, हाच सगळा प्रश्न आहे.

चांगल्या मिलीत हा काळा रस आटवून घट्ट करतात आणि भट्टीत जाळतात. त्यातून वाफ मिळते, वीज मिळते, आणि सोडा परत हाती येतो. यात मिलचाच फायदा आहे. पण आटवायचे यंत्र बंद पडले, भट्टीची दुरुस्ती निघाली, तरी हंडे थांबवत नाहीत. हंडा थांबला तर कागद थांबतो, कागद थांबला तर साहेबाला वरून फोन येतो. मग रस गटारात सोडतात. रात्रपाळीत मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. सकाळी नाल्यावर फेस कसा येतो ते तुम्ही पाहिले आहे.

त्यानंतर लगदा धुतात, आणि तपकिरी लगदा पांढरा करायला क्लोरीन वायू आणि परत सोडा लावतात. हे धुण्याचे पाणी भट्टीत जाळता येत नाही, क्लोरीनने भट्टी गंजते. म्हणून ते सगळे पाणी बाहेरच येते. यात क्लोरीन आणि लिग्निन मिळून बनलेली नवी रसायने असतात, जी जंगलात कुठे नाहीत आणि बांबूतही नव्हती. साहेब म्हणतो रंग बांबूचा आहे. खरे. पण बांबू आणि क्लोरीनची ती सोयरीक मिलने जमवली, आपल्या जंगलाने नाही.

१९८० नंतर अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये अशा मिलींच्या पाण्यात डायॉक्सिन नावाचे भारी विष सापडले. ते माशांच्या चरबीत साठते. त्यानंतर तिकडच्या मिलींनी क्लोरीन वायू कमी करायला सुरुवात केली. आपल्या मिलमध्ये अजून तोच वायू, तीच नळी.

प्लांट काय करतो आणि काय करत नाही?

प्लांट काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर साहेब आपल्याला अडाणी ठरवील. प्लांट नीट चालवला तर तीन कामे करतो.

पहिले, मोठ्या गोल टाकीत पाणी संथ ठेवतात. तंतू आणि माती तळाशी बसते. तोच गाळ आम्ही उपसत होतो. दुसरे, पाणी तलावात नेऊन त्यात विजेच्या पंख्यांनी हवा घालतात. हवेवर जंतू वाढतात आणि पाण्यातली सडणारी घाण खातात. बांबूच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद कमी असते, म्हणून जंतूंना युरिया आणि डीएपी टाकावे लागते. पोती किती तलावात पडली आणि किती बाजारात गेली ते भंडारपालालाच माहीत. तिसरे, ते पाणी परत संथ ठेवून जंतूंचा गाळ वेगळा करतात.

घाण किती कमी झाली हे मोजायला बीओडी नावाचा आकडा आहे. पाण्यातली घाण खाताना जंतू ठराविक दिवसांत किती प्राणवायू ओढतात, त्याचे ते माप. आकडा मोठा म्हणजे पाण्यातली हवा संपणार, मासे गुदमरून मरणार. प्लांट हा आकडा खरेच खाली आणतो. साहेबाच्या छापील कागदावर हाच एक आकडा ठळक लिहिला आहे.

पण जंतू जे खात नाहीत ते त्या आकड्यात दिसत नाही. लिग्निन जंतूंना पचत नाही, म्हणून रंग राहतो. क्लोरीनची रसायने पुष्कळशी पचत नाहीत, ती राहतात. सोडा म्हणजे मीठच, ते जंतू खात नाहीत, ते सगळेच्या सगळे राहते. आजीने एका प्रश्नात जे पकडले ते हेच. रंग आहे म्हणजे जंतूंच्या पोटात न गेलेले काहीतरी अजून पाण्यात आहे.

आणि पंखे वीज खातात. रात्री पंखे बंद ठेवले तर बिल कमी येते. प्रदूषण मंडळाचा माणूस यायचा असला की आम्हाला आदल्या दिवशीच कळायचे, कारण गेटपासून प्लांटपर्यंत चुना मारायला लावायचे. त्या दिवशी सगळे पंखे चालू, आणि वरून नदीचे ताजे पाणी मिसळलेले. पाण्यात पाणी घातले की लिटरमागचा आकडा आपोआप खाली येतो. घाण तेवढीच राहते. दुधात पाणी घालणारा गवळी दूध वाढवतो, हा घाण लपवतो.

यावर उपाय म्हणून मोठ्या मिलींच्या नियमात पाणी किती सोडायचे तेही बांधून दिले होते. एक टन कागदाला २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. पोराची पाव किलोची वही घ्या. तिच्यामागे पन्नास लिटर, म्हणजे आपले तीन-चार गुंड पाणी. ही नियमातली सवलत होती. त्याच्यावर मिल किती उडवते ते कोणी मोजायचे?

मग पाणी शेताला कशाला देऊन राहिले?

आता मुद्द्याची गोष्ट. मिलला आपल्या उन्हाळी पिकाची एवढी काळजी काहून लागली?

केंद्र सरकारने १९९३ साली सांडपाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा जाहीर केल्या. नदी-नाल्यात पाणी सोडायचे तर लिटरला बीओडी ३० मिलिग्रॅमच्या वर नको. तेच पाणी शेतजमिनीवर सोडायचे तर १०० पर्यंत चालते. तीस आणि शंभर. नदीत जे पाणी सोडणे गुन्हा, तेच तुमच्या बांधीत सोडले की "सिंचन". नदीसाठी पाणी साफ करायला जास्त पंखे लागतात, जास्त वीज लागते. शेतासाठी तिप्पट घाण चालते. फुकट पाण्याचा हिशेब इथे आहे. पाणी आपल्याला फुकट नाही मिळत, मिलला घाण टाकायची जागा फुकट मिळते.

आणि सोडा. पाण्यातला सोडा जमिनीत राहतो. पाणी उडून जाते, सोडा मागे राहतो. आपली जमीन कन्हार आणि मोरांड, चिकण मातीची. सोडा साठला की चिकण माती सुटी होऊन भोके बुजवते, वर कडक पापडी धरते, पाणी आत मुरत नाही, धानाचे मूळ घुसमटते. पहिल्या वर्षी पीक हिरवेगार दिसेल, कारण पाण्यात युरियाचा अंश आहे. साहेब त्या वर्षी फोटो काढून नेईल. पाच-सात वर्षांनी नांगर लागणार नाही, तेव्हा जीप येणार नाही.

कागदात तिसऱ्या कलमात काय लिहिले आहे, ते अंगठा देणाऱ्यांना वाचून दाखवले नाही. लिहिले आहे की "पाणी शेतकरी स्वखुशीने घेत असून पिकाच्या अगर जमिनीच्या नुकसानीबाबत तक्रार राहणार नाही." पाणी एवढे साफ आहे तर हे कलम कशाला?

जमीन कोणाची?

त्याच कागदात दुसऱ्या कलमात आहे की तलाव आणि गाळ टाकण्यासाठी गावची "पडीक" जमीन मिलला द्यायची. ही पडीक जमीन कोणती? ज्याच्यावर आपली जनावरे चरतात ते गायरान. ज्याचे निस्तार हक्क आपल्या आज्या-पणज्यांपासून आहेत तो झुडपी जंगलाचा तुकडा. आणि ज्यांचे दावे वर्षानुवर्षे फायलीत पडून आहेत ते आपल्या भावांचे वनजमिनीवरचे प्लॉट. ठेकेदार त्यांना म्हणाला, "तुह्या नावचा सातबारा दाखव." सातबारा नाही, म्हणून माणूस नाही, म्हणून जमीन पडीक.

१९८० चा वन संवर्धन कायदा आपल्याला पाठ झाला आहे. चार एकर नांगरले की गार्ड तोच कायदा दाखवतो, बैल धरतो, नांगर जप्त करतो. त्याच कायद्यात लिहिले आहे की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्र सरकारची आधी मंजुरी पाहिजे. मिलच्या घाण पाण्याचा तलाव हे काय जंगलाचे काम आहे? मग गार्ड मिलच्या जीपला कायदा का नाही दाखवत?

ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांच्यासाठी जमीन महसूल कायद्याचे कलम ३६-अ आहे. आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, कोणत्याही रीतीने बिगर-आदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्याची आधी मंजुरी पाहिजे. मिलच्या कारकुनाने जीपच्या बोनेटवर घेतलेला अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे.

हे पहिल्यांदा होत नाही

केरळात चालियार नदीच्या काठी माव्वूर गाव आहे. तिथे ग्वाल्हेर रेयॉनची मिल होती, बांबूपासून कापडाच्या धाग्यासाठी लगदा करणारी. १९५८ च्या करारात सरकारने तिला बांबू दिला टनाला एक रुपया भावाने. एक टन बांबू, एक रुपया! नदी काळी झाली, मासे मेले. वाळक्काड गावचे लोक वर्षानुवर्षे लढून राहिले. १९८५ साली कामगारांच्या वादातून मिल बंद पडली, ती १९८८ पर्यंत. या काळात पाणी निवळले, पण कामगारांच्या घरी चूल पेटेना. तेव्हा नदीवाले आणि कामगार एकमेकांसमोर उभे ठाकले. मालक बाजूला राहिला. हा धडा आपण ध्यानात ठेवायचा.

दुसरी गोष्ट दूरची आहे, पण आपल्यासारख्याच लोकांची. कॅनडा देशात ग्रासी नॅरोज नावाचे आदिवासींचे गाव आहे. त्यांचे जगणे नदीवर, माशावर. नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन गावात कागद मिल आणि तिच्या जोडीला कागद पांढरा करायला लागणारा क्लोरीन व सोडा बनवायचा कारखाना. त्यात पारा वापरत. १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ टन पारा नदीत गेला. पाऱ्याला जंतू खात नाहीत. उलट तळातल्या जंतूंनीच त्याचे आणखी विषारी रूप केले, ते माशांत गेले, माशांतून माणसांत. १९७० साली सरकारने मासेमारी बंद केली. म्हणजे विष मिलने टाकले आणि धंदा आदिवासींचा बंद झाला. पारा सोडणे थांबले, पण मासे अजून साफ झालेले नाहीत.

या दोन्ही ठिकाणी लोकांना सांगितले गेले होते की काळजी करू नका.

मग मिल बंद करायची का?

ठेकेदार गावोगाव सांगून राहिला की संघटनावाले मिल बंद पाडणार, पोट्ट्यांची मजुरी जाणार. हे खोटे आहे. हे पत्रक कागदावरच छापले आहे. पोरांच्या वह्या कागदाच्याच. मिलमध्ये आपले भाऊ काम करतात, मी केले आहे. आपले म्हणणे एवढेच की पाणी साफ करायचे काम मिलच्या आत सुरू व्हावे, आपल्या शेतात नको. आपल्या मागण्या अशा:

१. काळ्या रसाचा थेंब गटारात नको. आटवायचे यंत्र किंवा भट्टी बंद, तर बांबू शिजवणे बंद. त्या दिवसांची मजुरी कामगारांना मिळालीच पाहिजे.

२. क्लोरीन वायू कमी करत जा. ऑक्सिजन वापरून लगदा पांढरा करायची रीत दुसऱ्या देशांत चालू आहे. आणि वहीचा कागद थोडा पिवळसर असला तर पोराचा पाढा चुकत नाही.

३. कागदाच्या मशीनवरचे पाणी गाळून परत मिलमध्येच वापरा. नदीतून उचललेल्या आणि सोडलेल्या पाण्याचे माप रोज लिहा.

४. हवा घालायच्या पंख्यांना वेगळा वीज-मीटर बसवा आणि गावच्या माणसाला तो महिन्याला पाहू द्या. पंखे चालले की नाही ते मीटर सांगेल. तिथे चुना मारून चालत नाही.

५. गाळ मिलच्या स्वतःच्या जागेत, खाली पाणी मुरणार नाही अशा पक्क्या खड्ड्यात ठेवा.

६. गावची एक वीत जमीन या कामाला मिळणार नाही.

आता आपण काय करायचे?

अंगठा देऊ नका. ज्यांनी दिला त्यांना दोष देऊ नका. उन्हाळ्यात बोडी आटलेली असताना कोणी फुकट पाणी म्हटले तर माणूस हात पुढे करणारच. त्यांनी तहसीलदाराला आणि जिल्हाधिकाऱ्याला अर्ज करायचा की वाचून न दाखवता अंगठा घेतला, तो आम्ही मागे घेतो. अर्ज संघटना लिहून देईल.

पाण्याच्या १९७४ च्या कायद्याचे कलम २५ लक्षात ठेवा. प्रदूषण मंडळाने मिलला पाणी सोडायची संमती कोणत्या अटींवर दिली, ते मंडळाच्या रजिस्टरात लिहिलेले असते, आणि ज्यांना त्या पाण्याची झळ लागते त्यांना ते पाहायचा हक्क आहे. आपली पाच माणसे जाऊन ते रजिस्टर पाहतील. साहेब जेवायला गेले म्हटले तर व्हरांड्यात बसून राहतील.

आपण स्वतः बाटलीत भरलेले पाणी कोर्टात टिकत नाही. मंडळाच्या माणसाने मिलला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील मारून घेतलेलाच नमुना चालतो. पण आपली वही कामाची आहे. प्रत्येक गावात एका शिकलेल्या पोराने किंवा पोरीने रोज लिहायचे: तारीख, वेळ, पाण्याचा रंग, फेस, वास, मेलेले मासे, आजारी जनावर. रात्री काळे पाणी आले तर त्याच दिवशी मंडळाला लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची.

१९८८ च्या दुरुस्तीपासून या कायद्याखाली कोणीही माणूस कोर्टात जाऊ शकतो. आधी मंडळाच्या मंजुरीशिवाय जाता येत नव्हते. आता मंडळाला साठ दिवसांची नोटीस द्यायची, मंडळ हलले नाही तर आपण मॅजिस्ट्रेटसमोर तक्रार करायची. मंडळाकडे असलेले अहवालही मागता येतात. त्याच दुरुस्तीने मंडळाला मिलची वीज आणि पाणी तोडायचा अधिकार मिळाला. अधिकार आहे, वापरत नाहीत. साठ दिवसांच्या नोटिशीचा मसुदा तयार आहे. त्याच्यावर चारही गावांच्या सह्या पाहिजेत. अंगठे द्यायचेच तर इथे द्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, बाजार उठल्यावर, नेहमीच्या वडाखाली बैठक आहे. बायांनी जरूर यावे. पाणी त्याच भरतात, नाल्यावर त्याच जातात, आणि पहिला नेमका प्रश्न त्यांच्यातल्याच एका आजीने विचारला. मिलमधल्या कामगार भावांनीही यावे. तुमची मजुरी आणि आमचा नाला यांच्यात भांडण लावून देणाऱ्याला तुम्ही आमच्यापेक्षा चांगले ओळखता.

जल, जंगल, जमीन आमची!

मिलची घाण मिलमध्ये!

वाचून झाले की हे पत्रक पुढच्या गावाला द्या.